वाचकांचे प्रश्न : लांबच्या नेमाला किती मोठं काडतूस?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी कोलोरॅडोत राहतो आणि बरीच वर्षं .३०-०६ काडतुसाची रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जातो. यंदा पहिल्यांदाच एल्कचा, म्हणजे थोराड हरणाचा, परवाना मिळालाय. तो भाग उघड्या कुरणांचा आहे, एका उतारावरून समोरच्या उतारावर नेम धरायचा. सहाशे-सातशे यार्डांची तयारी ठेव असं सगळे सांगतात, म्हणून नवी रायफल घ्यायची ठरवलीय. मेहुणा म्हणतो, सरळ .३३८ लापुआ मॅग्नम घे, मग पुढे काही बघायला नको. रेंजवरची मंडळी .३०० विनचेस्टर मॅग्नम सुचवतात. एक मित्र .३०० पीआरसीसाठी मागे लागलाय. बायको म्हणते, आहे ती काय वाईट आहे? माझं वजन अडुसष्ट किलो. गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याची थोडी धास्ती वाटते, हेही प्रामाणिकपणे सांगतो. काय घेऊ?

उत्तर : धक्क्याची धास्ती वाटते हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक जण ते लपवतात आणि मग त्यांना दिलेला सल्ला फुकट जातो.

आधी निर्णय सांगते. नवी रायफल घ्यायचीच असेल तर .३०० विन मॅग घ्या. .३३८ लापुआ तुमच्यासाठी नाही. आणि .३०-०६ विकू नका. तुमच्या पत्नीचं म्हणणं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच खरं आहे.

धक्क्याचा हिशेब घ्या. स्कोपसकट नऊ पाउंडांची रायफल धरली तर .३०-०६ मधून १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सुटताना खांद्यावर साधारण २० फूट-पाउंडांचा (हे ऊर्जेचं माप) धक्का येतो. .३०० विन मॅगमधून २०० ग्रेनची गोळी सोडली की तो ३० च्या आसपास जातो. .३३८ लापुआमधून २८५ ग्रेनची गोळी त्याच वजनाच्या रायफलीतून सोडलीत तर ५० च्या वर. म्हणून लापुआच्या रायफली जड बनवतात. तेरा पाउंडांची रायफल घेतली तरी धक्का पस्तिशीच्या खाली येत नाही, म्हणजे नऊ पाउंडांच्या .३०० पेक्षा जास्तच. शिवाय ते तेरा पाउंड दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत दिवसभर खांद्यावर वाहायचे. हे काडतूस १९८० च्या दशकात लष्करी नेमबाजांसाठी तयार झालं, .४१६ रिग्बी काडतुसाच्या जाडजूड केसवरून (पितळी नळकांड्यावरून). पालथं झोपून, बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकवून, शेजारी वारा सांगणारा जोडीदार घेऊन वापरायचं हत्यार आहे ते. त्या कामाला उत्तम आहे. तुमचं काम वेगळं आहे.

धक्का म्हणजे नुसतं खांदा दुखणं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. हंगामाच्या तोंडावर लोक रेंजवर रायफल जुळवायला येतात, तेव्हा मी त्यांचं मॅगझिन मागून घेते आणि त्यांच्या नकळत एखादं डमी काडतूस मध्ये सरकवून देते. माणूस बेंचवर बसतो, गाल दस्त्याला लावतो, श्वास सोडतो, ट्रिगर दाबतो. नुसतं ‘टक्’ होतं. गोळी सुटलेली नसते, धक्का आलेला नसतो, आणि तरीही नळीचं तोंड बोटभर खाली गेलेलं असतं. उजवा खांदा पुढे आलेला असतो, डोळे मिटलेले असतात. खरी गोळी सुटते तेव्हा हे सगळं आवाजात आणि उसळीत झाकलं जातं, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. मग ‘स्कोप हलला’ म्हणून स्कोपवर राग निघतो. अंगापिंडाने थोराड, धिप्पाड माणसंही यातून सुटत नाहीत. शंभर यार्डांवर या दचकण्याने गोळी चार इंच चुकली तर पाचशेवर तीच चूक वीस इंचांची होते, आणि वीस इंच म्हणजे फुप्फुसाऐवजी पोट किंवा मोडलेला पाय.

आता मेहुण्यांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. लापुआची जड, निमुळती गोळी वाऱ्याला कमी हलते. किती कमी, ते बघा. ताशी दहा मैलांचा आडवा वारा आणि अंतर पाचशे यार्ड. .३०० विन मॅगची २०० ग्रेनची चांगली लांबुडकी गोळी साधारण साडेचौदा इंच सरकते. लापुआची २८५ ग्रेनची अकरा-सव्वाअकरा इंच. फायदा झाला तीन-साडेतीन इंचांचा. पण डोंगरात वारा कोणी तुम्हाला आकड्यात सांगत नाही. तुमच्या गालाला लागतो तो एक वारा, मधल्या घळीतून वर चढतो तो दुसरा, आणि एल्क उभा असतो तिथलं गवत तिसरीकडेच झुकलेलं असतं. सराव नसलेला माणूस पाच मैलांनी सहज चुकतो. तेवढ्या चुकीला .३०० ची गोळी सात इंच जाते, लापुआची साडेपाच. दोन्ही नेम बिघडलेलेच. त्या दीड इंचासाठी वीस फूट-पाउंडांचा जादा धक्का विकत घेणं मला पटत नाही. वारा वाचायला शिकलात तर दीड इंचाच्या कितीतरी पट परत मिळतं, आणि ते शिकायला शेकडो गोळ्या झाडाव्या लागतात. खांदा सोलवटणाऱ्या रायफलीतून शेकडो गोळ्या कोणी झाडत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. पाचशे यार्ड जायला .३०० च्या गोळीला सहा दशांश सेकंद लागतात, आठशेला एका सेकंदाहून थोडा जास्त. चरता चरता एल्क निवांत चालतो तेव्हाही त्याचा वेग ताशी तीन मैलांच्या आसपास असतो. म्हणजे तुमचं बोट दाबलं जाण्याच्या क्षणी त्याने पाऊल उचललं, तर पाचशेवर तो अडीच फूट पुढे गेलेला असेल आणि आठशेवर साडेचार. नेम बिनचूक होता, जनावर तिथे नव्हतं. यावर कुठल्याच कॅलिबरमध्ये उपाय नाही. लापुआची गोळीही तेवढाच वेळ घेते.

मग गोळीत काय बघायचं? बरेच शिकारी ऊर्जा बघतात. एल्कला १५०० फूट-पाउंड पोचले पाहिजेत असा एक जुना ठोकताळा आहे, तो पाळायला हरकत नाही. मी स्वतः मात्र आधी पोचताना उरलेला वेग बघते. शिकारीची गोळी आत जाऊन फुलली पाहिजे, आणि फुलायला तिला ठरावीक वेग लागतो. वेग त्याच्या खाली गेला की ती टोचणीसारखी आरपार जाते. असं जनावर चिरताना मी पाहिलंय: दोन्ही फुप्फुसांतून पेन्सिलच्या जाडीचं भोक, भोवतीचा भाग गुलाबी आणि जवळजवळ धड. ते जनावर फार लांब गेलं होतं. नीट फुललेल्या गोळीने फुप्फुसं हातात धरता येत नाहीत, त्यांचा लगदा झालेला असतो, आणि बहुतेक वेळा एल्क शंभर यार्डांच्या आत आडवा होतो.

हॉर्नडी कंपनीच्या ईएलडी-एक्ससारखी गोळी १६०० फूट दर सेकंदापर्यंत फुलते. तुमच्याच .३०-०६ मधून १७८ ग्रेनची ही गोळी २७५० ने सुटली तर पाचशे यार्डांवर सुमारे १९७० फूट वेग आणि १५०० च्या जरा वर ऊर्जा शिल्लक असते. म्हणजे आहे ती रायफल पाचशेपर्यंत कागदावर पुरते. .३०० विन मॅगची २०० ग्रेनची गोळी २८५० ने सुटून तिथे २१०० आणि १९७० फूट-पाउंडांच्या आसपास पोचते. .३०० पीआरसी २१२ ग्रेनची गोळी घेऊन साधारण २२०० आणि २३०० फूट-पाउंड. या तिन्हींतला फरक एल्कला कळणार नाही. लाग कुठे बसला, एवढंच त्याला कळतं.

पीआरसी आणि विन मॅगमध्ये मी विन मॅग का म्हणते? पीआरसीची रचना अधिक विचारपूर्वक झालीय हे मान्य. २०१८ चं काडतूस आहे, लांब गोळ्या डोळ्यांसमोर ठेवून बेतलेलं. एकूण लांबी ३.७ इंच, नळीचा पीळही (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचा) त्या हिशेबाने जलद. विन मॅग १९६३ चं, तळाला पट्टा, मान आखूड, लांबी ३.३४ इंच. त्यात २२० ग्रेनच्या पुढची लांबुडकी गोळी बसवायची तर ती केसमध्ये खोल रुतते आणि दारूची जागा खाते. हाताने काडतुसं भरणाऱ्या आणि हजार यार्डांवर लोखंडी पाटीला नेम मारणाऱ्या माणसाने पीआरसीच घ्यावं. पण विन मॅगचं काडतूस जवळपास कुठेही मिळतं, गोळ्यांचे प्रकार मुबलक आहेत, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे ती सरावाची. जे सहज मिळतं ते जास्त झाडलं जातं. जमेल तितका सराव .३०-०६ वर करा, धक्का हलका आणि ट्रिगरची सवय तीच. हंगामाआधीचे दोन महिने नव्या रायफलवर या.

मझल ब्रेकबद्दल (नळीच्या तोंडावर बसवायचं, धक्का कमी करणारं साधन) तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार बसवायला सांगेलच. धक्का एक तृतीयांशाने किंवा त्याहूनही जास्त कमी होतो, खरं आहे. मात्र तो सगळा आवाज बाजूला आणि मागे फेकतो, आणि शिकारीत ऐन वेळी कानात बोळे नसतात. एका गोळीतही कान कायमचा बिघडू शकतो, तुमचा आणि शेजारी बसलेल्याचाही. ब्रेक लावलात तर कानांचं संरक्षण डोक्यावरच ठेवायचं, बॅगेत नाही. कायद्याने चालतो तिथे सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) हा जास्त चांगला पर्याय आहे.

कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी .२४ कॅलिबर, ८५ ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर १००० फूट-पाउंड एवढंच मागतो. तुमच्या यादीतलं सगळंच त्यात बसतं, त्यामुळे कायद्यावरून निवड ठरणार नाही.

आणि ते सहाशे-सातशे यार्ड. तुमची मर्यादा ‘सगळे’ ठरवणार नाहीत, तुम्ही ठरवायची. दहा इंची पाटी लावा. बेंच विसरा. पाठीवरच्या बॅगेवर किंवा गुडघ्यावर रायफल टेकवा, थोडं चढून दमून या, थंड नळीतून एकच गोळी झाडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, वारा असलेल्या दिवशी पुन्हा. ज्या अंतरावर ती पहिली गोळी दर वेळी पाटीवर बसते, ते तुमचं अंतर. एक गोळी चुकली की पन्नास यार्ड मागे या. बहुतेक चांगल्या नेमबाजांचं हे अंतर तीनशे ते साडेचारशेच्या मध्ये कुठेतरी थांबतं. मी पाचशेच्या पुढे एल्कवर गोळी झाडत नाही, कितीही उघडं मैदान असो. थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने जनावराला निसटायची रास्त संधी द्यायचा दंडक घातला, तो मला आजही मोलाचा वाटतो. आपला वास, आपली चाहूल जिथे पोचूच शकत नाही तिथून झाडलेल्या गोळीत मला शिकार दिसत नाही.

लांबून झाडायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. उतारावर रेंजफाइंडरचं सरळ अंतर वापरू नका, आडवं अंतर वापरा. तीस अंशांच्या कोनात ४०० यार्ड दिसत असतील तर गोळीच्या घसरणीचा हिशेब साधारण ३४६ चा करायचा. आणि गोळी झाडल्यावर जागचे हलण्यापूर्वी एल्क जिथे उभा होता तिथली खूण पक्की करा: कुठलं झाड, कुठला खडक, त्याच्या कोणत्या बाजूला. फोनवर फोटो काढा. शक्य असेल तर एकाला जागेवरच बसवून हातवाऱ्यांनी वाट दाखवायला सांगा. दरी उतरून पलीकडे चढलात की सगळी झुडपं सारखी दिसतात, तोवर अर्धा तास गेलेला असतो, आणि रक्ताचा पहिला थेंब सापडला नाही तर तीनशे किलोंचं जनावरही हरवतं.

प्रश्न : वडिलांनी दिलेली ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम आहे. ७ मिमी पीआरसी आल्यापासून ती जुनाट झाली असं ऐकतो. बदलावी का?

उत्तर : मुळीच नको. रेम मॅग १९६२ ची, पीआरसी २०२२ ची, मधली साठ वर्षं कोणी रिकाम्या हाताने परतत नव्हतं. खरा फरक नळीच्या पिळात आहे. जुन्या रेम मॅगचा पीळ बहुधा सव्वानऊ ते साडेनऊ इंचांत एक फेरा असा असतो, पीआरसीचा आठ इंचांत एक. त्यामुळे पीआरसी १७५-१८० ग्रेनच्या अगदी लांबुडक्या गोळ्या स्थिर ठेवते, तुमची रायफल त्या कदाचित ठेवणार नाही. तुम्ही १६० ते १६२ ग्रेनवर राहा. पाचशे यार्डांवर शंभर-सव्वाशे फुटांचा वेग कमी पडेल, बस. नळी झिजली असेल तर नवी नळी जलद पिळाची बसवून घ्या, रायफल वडिलांचीच राहील.

प्रश्न : शिशाच्या गोळ्या सोडून तांब्याच्या वापराव्यात का? लांबच्या अंतराला त्या चालतात का?

उत्तर : वापराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे, पण अंतर कमी करण्याच्या तयारीने. शिशाची गोळी मांसात फुटते तेव्हा तिचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब उडतात. क्ष-किरणात ते पिठूळ चांदण्यासारखे पसरलेले दिसतात. ते कण आपल्या ताटात येतात, आणि मागे सोडलेली आतडी खाणाऱ्या गिधाडांच्या, गरुडांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियातले काँडर (प्रचंड आकाराची गिधाडं) शिशाच्या विषबाधेने मरत होते. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही.

तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, तिला जलद पीळ लागतो, म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी हलकी गोळी निवडा: .३०० मध्ये २०० ऐवजी १८० किंवा १६५ ग्रेन. तांब्याची गोळी तुकडे न पडता पाकळ्यांसारखी उघडते आणि खोल जाते, त्यामुळे हलकी असूनही कमी पडत नाही. मात्र उघडायला तिला वेग जास्त लागतो. उत्पादक १८०० म्हणत असले तरी मी २००० फुटांच्या खाली भरवसा ठेवत नाही. .३०० विन मॅगच्या १८० ग्रेनला ही हद्द पाचशे यार्डांच्या जरा पुढे लागते, .३०-०६ ला बरीच अलीकडे. नेमही थोडा पुढे, खांद्याच्या हाडाच्या रेषेत धरा. नळी आधी शिशा-तांब्याच्या जुन्या थरांपासून नीट साफ करून मगच नवी गोळी जुळवा, नाहीतर पाटीवर गोळ्यांचा गट पसरलेला दिसेल आणि दोष गोळीला जाईल.

प्रश्न : माझ्याकडे .३३८ लापुआ आहे. नामिबियात एलंड (हरणासारखं थोराड जनावर) आणि जमलं तर केप बफेलो (आफ्रिकी रानरेडा) करायचा विचार आहे. एवढ्या मोठ्या काडतुसावर दोन्ही होतील ना?

उत्तर : एलंड होईल. तिथला नियम नळीच्या तोंडाशी मोजलेल्या ऊर्जेवर आहे: कुडू, ओरिक्स, एलंड यांना किमान २७०० ज्यूल, बफेलो आणि हत्तीला ५४००. तुमचं काडतूस २८५ ग्रेनच्या गोळीला ६४०० ज्यूलच्या वर देतं, म्हणजे आकड्यात ते बफेलोलाही पास होतं. १९१२ ची .३७५ एच अँड एच, ३०० ग्रेनची गोळी घेऊन, ५८०० च्या आसपास थांबते.

तरीही बफेलोला .३७५ न्या. तुमच्या रायफलीत बहुधा लांबच्या नेमासाठी बनवलेली, पातळ कवचाची, टोकदार गोळी असेल. ती साठ यार्डांवर पूर्ण वेगात बफेलोच्या खांद्यावर आदळली तर वरच्यावर फुटण्याची भीती असते. तिथे जाड कवचाची, एकसंध राहणारी गोळी हवी, आणि मागोमाग दुसरी झाडता यावी अशी हातात वळणारी रायफल हवी. तेरा पाउंडांची, लांब नळीची, मोठ्या स्कोपची रायफल दाट झुडपांत वळत नाही. अनेक देशांत धोकादायक जनावरांना .३७५ हीच कायद्याने किमान मर्यादा आहे, तेव्हा परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वी तुमच्या व्यावसायिक शिकाऱ्याकडून त्या देशाचा चालू नियम लेखी मागवा. बहुतेक कँपवर .३७५ भाड्याने मिळते. ती घेतलीत तर पहिल्याच दिवशी, शिकारीला निघण्यापूर्वी, उभं राहून तिकाठीवरून पन्नास यार्डांवर तिचे नेम तपासून घ्या.